पंगतीतल्या जागा

माझा राग वाईट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. बहिणी म्हणतात, हिला सकाळी चहा द्यायचा तर कप लांबूनच सरकवा. मुलींच्या निवासी शाळेत अधीक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा हा राग सोबत घेऊनच गेले होते, आणि पंधरा दिवसांच्या आत तो एका पाचवीतल्या पोरीवर निघाला. ही गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही, अजून लाज वाटते. पण त्या शाळेतल्या पोरींचं मला जे कौतुक आहे, ते माझी फजिती लपवून सांगताच येत नाही. त्यामुळे सांगते.

शाळा गडचिरोलीच्याही पुढं. दोन बस बदलायच्या, आणि शेवटचे चार किलोमीटर मिळेल त्या गाडीवर, नाही मिळाली तर पायी. पाचवी ते दहावी, सगळ्या मुलीच, दीडशेच्या आतबाहेर. अधीक्षिका म्हणजे काय, तर शाळेची घंटा झाली की पोरी मास्तरांच्या हातून सुटतात आणि माझ्या अंगावर येतात. त्यांची आंघोळ, जेवण, ताप, उवा, भांडणं, हरवलेल्या चपला, घरची आठवण, सगळं माझं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. मला वाटायचं, त्यात काय एवढं!

मी वाढले ऊर्जानगरात. वडील वीज केंद्रात नोकरीला. एकासारखं एक क्वार्टर, एकच बस, एकच मैदान. शेजारी एका बाजूला तेलुगू बोलणारं घर, दुसऱ्या बाजूला बिहारी, वरच्या मजल्यावर पोंभुर्ण्याकडचे. आम्ही पोरं कुणाच्याही घरी घुसून काहीही खायचो. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की माणसं मिसळली की काम झालं, आणि नसतील मिसळत तर कुणीतरी मिसळवायची.

जूनच्या शेवटी पोरी यायला लागल्या. सिरोंच्याकडच्या जीपमधून उतरल्या त्या तेलुगूत भांडतच उतरल्या. सोबत लोणच्याच्या बरण्या, आणि त्यांतली एक वाटेत फुटलेली. पोंभुर्ण्याकडच्या धान आणि कापूसवाल्यांच्या पोरी आयांसोबत आल्या. त्या आयांनी न्हाणीघराची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला, मग माझ्याकडे वरून खाली पाहिलं. आणि पार आतल्या गावांतल्या माडिया पोरी बापांसोबत चालत आल्या. बापाच्या खांद्यावर पत्र्याची पेटी, मागं पोरगी. त्या रडल्या नाहीत. फाटकाशी उभ्या राहून बाप दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या आणि मग आत आल्या.

त्यांतलीच एक ती. पाचवीत नाव घातलेली, बारकी, केस घट्ट बांधलेले. मराठी जवळजवळ येत नव्हती. तिच्या बापानं पेटी खोलीत नेऊन ठेवली, झाकण उघडून बंद करून दाखवलं, कुलपाची किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. आमच्या स्वयंपाकघरात एक बाई होत्या, वीस वर्षांपासून तिथंच रांधणाऱ्या, त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, ह्या पोरीले जपा. तिच्या गावातून याआधी दोघी आल्या. दोघी महिनाभरात गेल्या अन् परत आल्या नाई. ही गेली त मंग त्या गावातून कोणी येत नाई."

मी म्हटलं, "माझ्या हाताखाली कोणी जात नाई, बाई." बघा, काय तोरा होता.

पहिल्या आठवड्यात मी नुसतं बघितलं, आणि जे दिसलं त्यानं डोकं फिरलं. खोल्या बघाव्या तर सिरोंच्याकडच्या एका खोलीत, पोंभुर्ण्याकडच्या दुसऱ्या, आतल्या गावांच्या तिसऱ्या. बरं, तेही एक वेळ समजू शकते. पण जेवणाच्या पंगतीत वेगळाच प्रकार. तिथं मात्र सगळ्या जागा ठरलेल्या. एका लहानीच्या दोन्ही बाजूला दोन मोठ्या, रोज त्याच, कुणी हलायला तयार नाही. आणि एक दिवस भेंडीची भाजी होती, तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की एका मोठीनं शेजारच्या लहानीच्या ताटातली सगळी भेंडी उचलून आपल्या ताटात घेतली. लहानी गप्प. पलीकडे बघते तर तिथंही तेच! तिसऱ्या ठिकाणीही तेच!

झालं. मी समजले, मोठ्या पोरी लहान्यांच्या तोंडचा घास काढतात. माझा पारा असा चढला की विचारू नका. विचारायचं सोडून मी ठरवूनच टाकलं.

दोन दिवसांत याद्या केल्या. एका गावच्या दोघी एका खोलीत नाहीत. आणि जेवणाच्या हॉलमध्ये फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडे काढले, एक ते दीडशे. ज्या पोरीला जो आकडा, तिनं तिथंच बसायचं. लहान्या लहान्यांमध्ये, मोठ्या भिंतीकडच्या रांगेत. रंगाचं काम करायला दहावीतली एक पोरगी माझ्यासोबत होती. ती पण माडिया, पाचवीपासून तिथंच शिकलेली, उंच, शांत, हाताची साफ. आकडे काय सुंदर काढायची! तीसपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, खोल्या बदला. जेवणाच्या जागा राहू द्या ना."

"काऊन?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? कारण सांग."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एकतीसचा आकडा काढायला घेतला. मला वाटलं, मोठ्यांची पुढारी हीच असणार. स्वयंपाकाच्या बाईही म्हणाल्या, "पोरी जिथी बसतात तिथी बसू द्या, मॅडम. तिथी काही बिघडलेलं नाई." मी त्यांनाही ऐकवलं की बाई, तुम्ही भात बघा, पोरी मी बघते.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांचं एकत्र जेवण ठेवलं. वर्षाची सुरुवात, नव्या जागा, म्हटलं थोडा थाट करू. बाईंनी उन्हाळ्यात स्वयंपाकघरामागं विहिरीच्या पाण्यावर बरबटी, म्हणजे चवळी, लावली होती. तिच्या कोवळ्या लांब शेंगा त्याच आठवड्यात धरल्या होत्या. पहिलाच तोडा, दोन टोपल्या भरून निघाला. मी हॉलमध्ये उभी राहून भाषण ठोकलं, की आपल्या अंगणातली पहिली शेंग आपण सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायची, मी स्वतः वाढणार, आणि ताटात कुणी काही ठेवायचं नाही. सिरोंच्याच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

वाढत वाढत सत्तेचाळीसपर्यंत आले. तिथं ती बारकी बसली होती. मी पळी पुढं केली तर तिनं ताटावर हात आडवा धरला. मी हसून तो हात बाजूला केला आणि भाजी वाढली. लाजत असेल, म्हटलं.

दुसऱ्यांदा भात घेऊन आले तेव्हा तिनं वरण-भात खाल्लेला, आणि शेंगा ताटाच्या कडेला, एकही तोडलेली नाही. आणि तिनं ताट उचलून रांगेच्या मागं घेतलं होतं, वीतभर, आणि स्वतःही तितकीच मागं सरकली होती. मी मान वर केली. हॉलमध्ये आणखी सहा-सात जणी तशाच. शेंगा कडेला. आणि पंगत सोडून मागं सरकलेल्या.

आता माझं काय झालं ते सांगते. आमचं घर बौद्ध. माझे आजोबा सांगायचे, गावच्या लग्नात त्यांच्यासारख्यांना गोठ्याच्या बाजूला बसवायचे, ताट घरून आणायचं, वाढणारा वरून वाढायचा. धम्म घेतल्यावर वस्तीत पहिलं एकत्र जेवण झालं तेव्हा ते पंगतीच्या मधोमध जाऊन बसले आणि जेवण संपल्यावरही कितीतरी वेळ उठले नाहीत. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की पंगतीतून कुणी मागं सरकलं की माझ्या अंगातच काहीतरी होतं. त्या रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला एकच दिसलं: वाढणारी मी, आणि ह्या पोरी माझ्या पंगतीतून बाजूला होतायत.

"काऊन?" मी ओरडले. "माझ्या हातचं चालत नाई का तुले?"

भिंतीकडून ती दहावीतली उठून उभी राहिली, "मॅडम..."

"तू बस!"

ती बसली. मी त्या बारकीच्या ताटातली एक शेंग उचलून तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, खा. तिनं ओठ मिटून घेतले. डोळ्यांत पाणी नाही, राग नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मराठी येत नसली तरी ओरडणं काय कुणाला कळत नाही? मी म्हटलं, "नसन खायचं त ऊठ पंगतीतून."

ऊठ एवढं तिला कळलं. ती उठली. बाहेर नळावर ताट घासलं, रॅकमध्ये लावलं आणि खोलीत जाऊन पेटीवर बसली. त्या संध्याकाळी ती जेवायला आली नाही. सोमवारी आली नाही. मंगळवारी शाळेत गेली, पण जेवणाच्या हॉलचा उंबरा चढायला तयार नाही. दहावीतली तिच्याजवळ भात घेऊन जायची तेव्हा कशीबशी दोन मुठी खायची, तेही पेटीवरच बसून. माझा राग तोवर उतरला होता आणि त्याच्या जागी भीती आली होती. मंगळवारी बाजार. बाजारात सगळ्या गावांची माणसं येतात आणि बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचते.

"उद्या तिचा बाप येते," बाई भात वेळताना म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी दहावीतलीला गाठलं, नळावर, कपडे धूत होती. मला वाटलं होतं नीट बोलेन, पण तोंडातून निघालं ते असं, "तुमच्यात आमच्या हातचं खात नाई का ग? असन त तसं सांगून टाका."

तिच्या हातातला फ्रॉक पाण्यात पडला. मी खरंच काय म्हणतेय हे कळायला तिला दोन क्षण लागले. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या हाताचं काय आहे त्यात? शेंग नवीन आहे."

"म्हणजे?"

"नवीन आहे. तिच्या गावात अजून पंडूम झाला नाई."

मग तिनं सांगितलं. मी त्या दगडावर बसले आणि ऐकलं. त्यांच्याकडे शेंग असो, भाजी असो, जे नवं पिकतं ते आधी गावाच्या देवाला दाखवायचं. सगळं गाव जमतं, त्याला पंडूम म्हणतात, आणि मग सगळे मिळून नवं खातात. तोवर घरात पिकलं असलं तरी कुणी तोंडाला लावत नाही. एकट्यानं आधी खाऊन मोकळं व्हायचं नाही, गावासोबत खायचं. आणि प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. कुणाचं आधी होतं, कुणाचं महिनाभरानं.

"अन् मागं काऊन सरकल्या होत्या तुमी?"

"न खाता पंगतीत बसलं त बाकीच्यांले अवघड वाटते ना," ती म्हणाली. "म्हणून थोडं बाजूले."

मला काय वाटलं असेल! मी ज्याला अपमान समजले तो त्यांचा शिष्टाचार होता. मी विचारलं, "मंग दरवर्षी काय करता तुमी? भाजी त रोजच असते इथी."

तिनं फ्रॉक पिळला, पुन्हा भिजवला. सांगावं की नाही असं तिचं चाललं होतं. शेवटी म्हणाली, "हसणार नाई ना?"

आणि मग मला कळलं की त्या पंगतीत कोण कुठं बसतं आणि काऊन. ज्या पोरीच्या गावचा पंडूम व्हायचा असेल तिच्या शेजारी अशी पोरगी बसवायची जिच्या गावचा झाला आहे, किंवा जिच्याकडे असं काही नसतंच. मग ती सिरोंच्याची असो की पोंभुर्ण्याची. नवी भाजी ह्या ताटातून त्या ताटात जाणार, आणि तिकडून वरणाची वाटी इकडे येणार. कुणाच्या पोटाला कमी नाही, अन्न वाया जाणं नाही, आणि वाढणाऱ्याला पत्ता नाही. लहान्यांना मराठीत सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूला मोठ्या. कुठल्या गावचा झाला हे दर मंगळवारी बाजारातून कळतं. त्याप्रमाणे जागा बदलायच्या. हे सगळं दहावीतल्या दोघी-तिघी डोक्यात ठेवतात, आणि जाताना नववीतल्यांना सांगून जातात. कधीपासून चालू आहे कुणाला माहीत नाही. ती पाचवीत आली तेव्हा तिच्याही दोन्ही बाजूला मोठ्या होत्या.

"अन् हे कोणाले सांगत काऊन नाई?"

"एकदा सांगितलं होतं. तेव्हा कोणीतरी मॅडम होत्या, त्या हसल्या म्हणे. अंधश्रद्धा म्हणाल्या, अन् सगळ्यांसमोर खाले लावलं. तेव्हापासून नाई सांगत."

मी तिथं बसल्या बसल्या मनातल्या मनात सगळी पंगत पुन्हा पाहिली. भेंडी उचलणारी ती मोठी. गप्प बसलेली लहानी. अरे बापा! मी दोन दिवस गुडघ्यांवर बसून ऑइलपेंटनं काय केलं होतं, तर दीडशे पोरींनी स्वतःच्या अकलेनं बसवलेलं एक शहाणपण पुसून टाकलं होतं. पोंभुर्ण्याकडची एक सातवीतली तीन वर्षं शेजारणीची भाजी खात आली होती आणि तिनं हे स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. मी तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, "सांगायसारखं काय आहे त्यात? मले भाजी आवडते." मी लोकांना मिसळवायला निघालेली बाई! त्या पोरी माझ्या कितीतरी आधी मिसळून बसल्या होत्या, आणि तेही एकमेकींचं काही न मोडता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि स्वतःची इतकी चीड आली, की दोन्ही एकदम सहन होईनात. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "बाल्टी धरता का जरा, मॅडम?" आम्ही दोघींनी मिळून तिचे कपडे वाळत घातले.

बुधवारी सकाळी तो आला. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल. पहाटेच निघाला असणार. व्हरांड्यात उकिडवा बसला. पोरगी त्याच्या आधीच पेटी ओढत घेऊन आली होती आणि त्या पेटीवर बसली होती. कुलूप लावलेलं. ह्या दोघांनी आता फाटक ओलांडलं की त्या गावातून शाळेत येणारी वाट बंद, आणि ती मी बंद केलेली.

मी त्याच्यासमोर खाली बसले. दहावीतली मध्ये बसली, त्याचं मला आणि माझं त्याला सांगायला. मी म्हटलं, "भाऊ, चूक माझी झाली. मले माहीत नव्हतं. मी विचारलं नाई आणि ओरडली. तिनं काहीच चुकीचं केलं नाई."

त्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यानं एकच गोष्ट विचारली आणि दहावीतलीनं ती मला सांगितली, "ते विचारून राह्यले, ही जेवते कोणाजवळ?"

सत्तेचाळीस नंबरवर जेवते, हे काय उत्तर झालं? दहावीतली बोलायला लागली, बहुतेक ‘माझ्याजवळ’ असंच म्हणत होती, पण तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. तिनं मान खाली घातली. "म्हणतात, तू त पुढच्या वर्षी नाई राहणार."

"माझ्याजवळ," मी म्हटलं. विचार करून नाही म्हटलं. निघून गेलं तोंडातून. "माझ्याजवळ जेवते. जेवून जा भाऊ, अन् पाहून जा. मंग न्यायचं असन त न्या. मी अडवणार नाई."

घंटा झाली. पोरी हॉलमध्ये आल्या. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण एकही पोरगी आकड्यावर बसली नाही. मिनिटभरात सगळ्या आपल्या जुन्या जागी, मोठी, लहानी, मोठी. दहावीतलीनं बारकीला हाताला धरून आणलं, एका बाजूला स्वतः बसली आणि दुसऱ्या बाजूची जागा मोकळी ठेवली. मी माझं ताट घेतलं आणि तिथं मांडी घातली. बाप समोर भिंतीशी.

त्या दिवशीही शेंगांचीच भाजी. बरबटी एकदा धरली की ऐकत नाही. बाईंनी बापाला वाढली नाही, त्याला वरण, कांदा आणि जवसाची चटणी. वीस वर्षं रांधणाऱ्या त्या बाईंना सगळं माहीत होतं. मी नंतर त्यांच्यावर चिडले, की मला सांगितलं काऊन नाही, तर म्हणाल्या, "तुमी विचारलं कुठी? तुमी त मले भात पाहाले सांगितलं."

पोरीच्या ताटात मात्र सगळ्यांसारखी भाजी वाढली गेली. तिनं त्या शेंगांकडे पाहिलं. हॉलमध्ये सगळ्या जेवल्यासारखं करत होत्या आणि सगळ्यांचे डोळे इकडे. ती आता मागं सरकते की काय, उठते की काय, असं मला वाटत होतं. मी न बोलता बसले होते हे माझ्या बहिणींना सांगितलं तर खोटं वाटेल. दहावीतलीनं आपलं ताट तिच्याकडे थोडं सरकवलं, दे इकडे म्हणून.

पोरीनं चिमटीत शेंगा धरल्या. आणि त्या माझ्या ताटात ठेवल्या. मग पुन्हा एक चिमूट, पुन्हा एक, ताट साफ होईपर्यंत. मग हात मांडीवर ठेवून बघत राहिली, की ही बाई खाते का.

मी खाल्ल्या. तिच्या ताटातल्या, तिच्या बोटांनी ठेवलेल्या, सगळ्या खाल्ल्या. मग माझी वरणाची वाटी उचलून तिच्या भातावर ओतली. तिनं भात कालवला आणि तीन दिवसांची भूक लागलेलं पोर जेवतं तशी जेवायला लागली. हॉलमध्ये एकदम गलका सुरू झाला.

बापानं जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासलं. पाणी प्याला. फाटकाकडे निघाला तेव्हा पेटी व्हरांड्यात होती तिथंच होती. जाताना दहावीतलीला काहीतरी म्हणाला आणि ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "म्हणतात, आमच्या गावात नवं खायले अजून महिना आहे. झालं की मी सांगाले येतो. तोवर तिची शेंग तुमी खा."

महिनाभर मी दोघींची भाजी खाल्ली. आकडे खरवडून काढायला चार रविवार लागले, सगळ्या पोरी हसत हसत खरवडत होत्या, आणि मीही. बारकी मला मराठीत रोज एक नवा शब्द ऐकवायची, त्यातले निम्मे सिरोंच्याकडच्या पोरींनी शिकवलेले तेलुगू निघायचे.

श्रावण लागल्यावर एक दिवस दुपारी जेवणाच्या आधी तो आला. पाऊस चालू होता, पुलावर पाणी होतं, तो कुठून कसा आला कोण जाणे. बसलाही नाही. पोरीला व्हरांड्यात बोलावलं, दोन शब्द बोलला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आल्या पावली परत निघाला. एवढंच सांगायला आला होता.

पंगत बसली. बाईंनी भाजी वाढली. पोरीनं पहिली शेंग उचलली, माझ्या ताटाकडे हात नेला नाही, सरळ तोंडात घातली. मग दुसरी. मग सगळ्या. आणि ताट पुढं करून म्हणाली, "बाई, अजून."

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. माझ्यापुरतीच भाजी होती. मला इतका आनंद झाला होता, आणि तरी रडू फुटलं, सगळ्या पोरींसमोर, आवरेचना.

"काऊन मॅडम," बाई पळी घेऊन माझ्यापाशी थांबल्या, "आज कमी पडली का?"